री ओढणं, मम म्हणणं, पोपटपंची... दुसऱ्याचं बोलणं पुन्हा बोलायला मराठीत एवढे शब्द कशाला?

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखान्याचं गाव. इथल्या एखाद्या शेतकऱ्याला जमिनीचा जुना कागद हवा असेल, तर तो अंबडला तहसीलमध्ये जातो आणि 'नकलेचा' अर्ज करतो. अशा कागदावर शिक्का पडतो, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. म्हणजे मूळ कागदात जे आहे तेच, काना-मात्रेचाही फरक नाही. हा कागद पुरावा म्हणून चालतो.

आणि त्याच शेतकऱ्याच्या पोरानं शाळेच्या गॅदरिंगमध्ये हेडसरांची नक्कल केली, की अख्खं मैदान हसून लोळतं.

शब्द एकच. तहसीलमध्ये त्याला मान आणि स्टेजवर त्याच्यावर हशा. असं कसं?

तर 'नक्कल' आला अरबीतून. तिथं 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, उतरवून घेणं. 'अस्सल' त्याचाच जोडीदार, तोही अरबी. फारसी-उर्दू कारभारातून हे शब्द महाराष्ट्रभर पसरले. मराठवाडा तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला कारभारच उर्दूत चालायचा. 'हुबेहूब' हा शब्दही त्याच वाटेनं आलाय. मूळ 'हू-ब-हू', म्हणजे तोच्या तो.

पण नक्कल ही फक्त सुरुवात. दुसऱ्याचंच बोलणं पुन्हा बोलणाऱ्या माणसासाठी मराठीनं इतके शब्द करून ठेवलेत, की नुसता शब्द ऐकून कळतं त्या माणसानं ते का केलं असेल.

सगळ्यात जास्त कानावर पडणारा म्हणजे 'री ओढणे'. हा शब्द गाण्यातला. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा त्याच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहिरानं ओळ टाकली, की हे 'जी जी जी' करत सूर उचलतात आणि लांबवतात. शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो, ऐकणाऱ्याच्या डोक्यात ओळ पक्की बसते. वारकरी कीर्तनात हेच काम टाळकऱ्यांचं. गाण्यात री ओढणारा नसेल तर कार्यक्रम पडतो. त्यामुळे तिथं हे काम इज्जतीचं.

पण हाच शब्द बातमीत आला की इज्जत संपते. समजा एका नेत्यानं काहीतरी विधान केलं आणि दुसऱ्या नेत्यानं तेच म्हटलं. आता हेडिंग काय द्यायचं? 'दुजोरा दिला' म्हटलं तर बातमी सरळ आहे. 'पाठराखण केली' म्हटलं तर पहिला नेता अडचणीत आहे असं कळतं. 'तळी उचलली' म्हटलं तर दुसरा त्याच्या गोटातला झाला. (तळी खंडोबाची. भंडारा-खोबऱ्याचं ताट सगळे मिळून उचलतात, त्यावरून हा वाक्प्रचार.) आणि 'री ओढली' म्हटलं तर त्याला स्वतःचं डोकंच नाही, असं बातमीदार न सांगता सांगून जातो. घटना एकच, पण क्रियापद बदललं की निकाल बदलतो. सोशल मीडियावर हेडिंग वाचूनच भांडणारे आपण सगळे या एका क्रियापदावर भांडत असतो.

'हो ला हो', 'होयबा', 'हांजी हांजी' ही मंडळी एका घरातली. इथं मुद्दा समोरच्याच्या खुर्चीचा. 'नंदीबैल' मात्र थोडा वेगळा. गुबूगुबू वाजवत दारात येणारा नंदीबैलवाला विचारतो, पाऊस पडेल का? बैल मान डोलावतो. तो बोलत नाहीच, फक्त शिकवल्याप्रमाणे डोलतो. मीटिंगमध्ये असे किती असतात, ते प्रत्येकाला आपापलं ठाऊक.

या सगळ्यांत खरा कडक शब्द म्हणजे 'मम म्हणणे'. पूजेला बसल्यावर गुरुजी संस्कृतात लांबलचक संकल्प सांगतात आणि मध्येच यजमानाला म्हणतात, 'मम म्हणा'. यजमान म्हणतो, 'मम'. आता संस्कृतात 'मम' म्हणजे 'माझं'. जे वाक्य आपण रचलं नाही, बऱ्याचदा समजलंही नाही, त्याला आपण 'माझं' म्हणून मोकळे होतो.

'पोपटपंची'मध्ये बिचाऱ्या पोपटावर जरा अन्यायच झालाय. पोपटाला माणसासारख्या स्वरतंतू नसतात. श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला असलेल्या सिरिंक्स नावाच्या अवयवातून तो आवाज काढतो, आणि तरीही आपला आवाज हुबेहूब काढतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या राखाडी पोपटाला रंग, आकार आणि सहापर्यंतचे आकडे ओळखायला शिकवलं होतं. तो 2007 मध्ये गेला. म्हणजे सगळेच पोपट पोपटपंची करत नाहीत.

पाठ करण्यालाही मराठीत दोन तोंडं आहेत. कौतुक असेल तर 'मुखोद्गत', वैताग असेल तर 'घोकंपट्टी'. याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी 1608 मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर एक अख्खा समास 'पढतमूर्खां'वर खर्च केला. पढतमूर्ख म्हणजे शिकलेला, भरपूर वाचलेला, तरीही मूर्ख. त्याच रामदासांचे मनाचे श्लोक पिढ्यानपिढ्या मुलांकडून पाठ करून घेतले गेले, हीही एक गंमतच.

आता या यादीत नवा भिडू आलाय, 'फॉरवर्ड'. सोबत एक ढाल पण असते, 'जसं आलं तसं पाठवतोय'. थोडक्यात काय, तर अस्सल बरहुकूम, फक्त सही-शिक्का कुणाचाच नाही. व्हॉट्सॲपनं एप्रिल 2020 मध्ये अनेकदा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल, असं बंधन घातलं. पण बोट थांबलं म्हणून जबाबदारी कुणाची, हा प्रश्न राहतोच.

तो प्रश्न कोर्टात गेला. तमिळ अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी 2018 मध्ये महिला पत्रकारांबद्दल अवमानकारक मजकूर असलेली फेसबुक पोस्ट शेअर केली होती. मजकूर दुसऱ्याचा होता, नंतर त्यांनी पोस्ट काढून माफीही मागितली. तरी जुलै 2023 मध्ये मद्रास हायकोर्टानं गुन्हे रद्द करायला नकार दिला. मेसेज पुढे पाठवणाऱ्यानं त्याचे परिणाम भोगायची तयारी ठेवावी, असा कोर्टाचा सूर होता. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानंही हस्तक्षेप केला नाही. तिथं त्यांच्या वकिलांचं म्हणणं होतं, की त्या वेळी डोळ्यांत औषध घातलेलं होतं, त्यामुळे मजकूर वाचताच आला नाही.