मामूंचे जुने बाजार

माझे मामू आमच्याकडेच राहतात. बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जातात. रिकाम्या हाताने परतत नाहीत. बंद घड्याळे, बिनकिल्लीची कुलुपे, पितळी स्टोव्ह. ‘राहू दे, कामाला येईल.’ मुसल्ल्यापुरती जागा तेवढी स्वच्छ. पलंगावर मात्र निजायला जागा नाही. तुमच्याही नात्यात असे कोणी असेलच.

याला छंद म्हणावे का? कवी अज्ञातवासी, म्हणजेच दिनकर केळकर, यांनी दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. संग्राहक निवडतो, मांडून ठेवतो. मामूंना काही टाकवतच नाही, आणि राहती खोली वापरता येत नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली अशा साठवणीची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. लोक कंजूषपणा समजतात. खरे तर वस्तू टाकायच्या विचारानेच जीव कासावीस होतो. (कवितांचे गठ्ठे माझेही आहेत, पण त्यांना कोणी अडखळत नाही!)

पुष्कळ घरांत माणूस बाहेर गेला की टेम्पो बोलावतात. त्याने विश्वास जातो, आणि खोली पुन्हा भरते. आधी दार, जायची वाट आणि विजेचा बोर्ड मोकळा करावा; आग लागली तर बाहेर पडता आले पाहिजे. मग एकेक वस्तू त्यांच्याच हाती देऊन विचारावे. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

आम्ही रोज मगरिबनंतर एक खोका उघडतो. काल तीन कुलुपे भंगारात गेली. चौथे मामींच्या ट्रंकेचे निघाले. ते मामूंनी खिशात घातले.