कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गाची देखभाल व मालवाहतूक क्षमता

कुर्डुवाडी–लातूर लोहमार्ग हा सोलापूर, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांतून जाणारा मध्य रेल्वेचा मार्ग असून बार्शी, येडशी व धाराशिव ही त्यावरील प्रमुख स्थानके आहेत. सोलापूर–धुळे महामार्गावरील तेरखेडा व वाशी तालुक्यातील इतर गावांना रेल्वे नाही. त्यांच्यासाठी येडशी हे जवळचे स्थानक होय. एकेरी मार्गावर दिवसाकाठी किती मालगाड्या जाऊ शकतात हे डबे व इंजिने यांच्या संख्येइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, रूळ, स्लीपर व खडी यांच्या स्थितीवर ठरते.

इतिहास

हा मार्ग मुळात ७६२ मिलिमीटर रुंदीच्या बार्शी लाईट रेल्वेचा भाग होता. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला व १९११ मध्ये रूळ लातूरपर्यंत पोहोचले. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावरील भार सुमारे ५ टनांपर्यंत मर्यादित ठेवला आणि तो इंजिन व डबे यांच्या सर्व आसांवर शक्य तितका समान वाटला. त्यामुळे दर मीटरला जेमतेम १५ किलोग्रॅम वजनाच्या हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता आला. रूळ सोसतील तेवढाच भार त्यांच्यावर घालावयाचा, हे तत्त्व त्या काळी कॅलथ्रॉप यांच्याइतक्या काटेकोरपणे क्वचितच कोणी पाळले असेल. मात्र कुर्डुवाडीला ब्रॉडगेजच्या डब्यांत माल हमालांकरवी पुन्हा भरावा लागे, आणि वाचवलेला खर्च तेथे वेळेच्या रूपाने निघून जाई.

१ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारच्या मालकीची झाली. रुंदीकरणानंतर लातूर–उस्मानाबाद टप्पा २००७ मध्ये व उस्मानाबाद–कुर्डुवाडी टप्पा २००८ मध्ये सुरू झाला. जुना मार्ग उस्मानाबाद (आताचे धाराशिव) शहराला वगळून जात असे. रुंदीकरणात आखणी बदलून शहर जोडले गेले.

या बदलाचे महत्त्व एप्रिल २०१६ च्या दुष्काळात दिसून आले. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. तिच्या १० टाकी-डब्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात ५० डब्यांची, सुमारे २५ लाख लिटर पाण्याची गाडी धावू लागली. ७६२ मिलिमीटरच्या मार्गावर हे डबे चढूच शकले नसते.

वेगमर्यादेचा परिणाम

रुळाखालची खडी मातीने भरली, जोड खचला किंवा रुळात दोष आढळला, की त्या ठिकाणी गाडीचा वेग कमी करण्याचा आदेश दिला जातो. हे सुरक्षिततेसाठी अपरिहार्य असले तरी त्याची किंमत दिसते त्यापेक्षा मोठी असते. १ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ताशी २० किलोमीटरची मर्यादा असेल, तर सुमारे ६५० मीटर लांबीच्या मालगाडीचा शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत चालकाला वेग वाढवता येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने दीड-पावणेदोन मिनिटांत कापले जाणारे हे अंतर जवळपास पाच मिनिटे घेते. शिवाय हजारो टनांची गाडी आधी मंदावणे व नंतर पुन्हा वेगात आणणे यात आणखी काही मिनिटे जातात.

एकेरी मार्गाची क्षमता अंदाजण्यासाठी भारतीय रेल्वेत स्कॉटचे सूत्र वापरले जाते. दिवसाच्या १४४० मिनिटांना, दोन स्थानकांमधील सर्वांत संथ गाडीचा धावण्याचा वेळ व सिग्नल-कार्याचा वेळ यांच्या बेरजेने भागून, येणाऱ्या संख्येला ०.७ ने गुणतात. उदाहरणादाखल २० व ५ मिनिटे धरल्यास दिवसाला सुमारे ४० गाड्या निघतात. एका वेगमर्यादेने धावण्याचा वेळ २६ मिनिटे झाला, की संख्या ३२ वर येते. प्रवासी गाड्यांना वेळापत्रकाचे संरक्षण असल्याने गमावलेल्या आठ फेऱ्यांचा भार बहुतांशी मालगाड्यांवर पडतो. त्या वाटेतल्या स्थानकाच्या बगलमार्गावर थांबून राहतात.

मराठवाड्यातील काळी माती ही देखभालीची खास अडचण आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भराव नीट नसेल तर ओला चिखल गाड्यांच्या दाबाने खडीत वर चढतो. पाण्याचा निचरा थांबला, की यंत्राने कितीही वेळा खडी ठोकली तरी रूळ पुन्हा खचतो. म्हणून गटारे मोकळी ठेवणे हे साधे काम येथे महागड्या यंत्रांइतकेच मोलाचे ठरते. सलग जोडलेल्या लांब रुळांना उन्हाळ्यात वाकण्याचा व थंडीच्या रात्री तडकण्याचा धोका असल्याने त्या काळात विशेष गस्त घातली जाते. चावीवाला मात्र बारा महिने आपल्या हद्दीतील रूळ पायी तपासतो.

ब्लॉकचा प्रश्न

खडी ठोकणारी व चाळणारी यंत्रे चालवण्यासाठी वाहतूक काही तास बंद ठेवावी लागते, यालाच ब्लॉक म्हणतात. दुहेरी मार्गावर दुसऱ्या रुळावरून काही गाड्या काढता येतात. एकेरी मार्गावर सर्वच थांबते. त्यामुळे वाहतूक विभाग ब्लॉक देण्यास नाखूश असतो, देखभाल पुढे ढकलली जाते, वेगमर्यादा वाढतात आणि क्षमता आणखी घटते. सलग तीन तासांचा एक ब्लॉक तासाभराच्या तीन ब्लॉकपेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण यंत्र स्थानकातून कामाच्या जागी नेण्या-आणण्यातच बराच वेळ जातो. चाळणीनंतर खडी स्थिर करणारे यंत्र फिरवल्यास सुरुवातीपासून अधिक वेगाची मुभा देता येते.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०२२ च्या अहवालाने २०१७–१८ ते २०२०–२१ या काळात गाड्या रुळांवरून घसरण्याच्या घटना तपासल्या. अभियांत्रिकी विभागाशी निगडित ४२२ घटनांपैकी १७१ मध्ये रुळांची देखभाल हे कारण आढळले. देखभालीची यंत्रे पडून राहण्याच्या कारणांत वाहतूक विभागाने ब्लॉक न देणे (३२ टक्के) आणि विभागांनी ब्लॉकचे नियोजनच न करणे (३० टक्के) ही प्रमुख होती. कर्मचारी नसल्याने यंत्रे थांबल्याचे प्रमाण त्या मानाने अल्प होते. २०२३ मध्ये रेल्वेने ५२ आठवडे आधीपर्यंत ब्लॉकचे पुढे सरकते नियोजन करण्याची पद्धत नियमांत आणली.