पहिला महिना औषधाचा, पुढचे आयुष्य संयमाचे

दारूने यकृताला सूज येऊन कावीळ झाली की घरचे लोक गोंधळतात. 'त्याने तर पंधरा दिवसांपूर्वीच सोडली, मग आता कावीळ कशी?' कावीळ दारू सोडल्यामुळे होत नाही. आधीच्या पिण्याचा परिणाम कित्येकदा काही आठवड्यांनी डोळ्यांत दिसतो. मग प्रश्न येतो, रुग्ण वाचेल का? त्याचे गणित अमेरिकेतील विलिस मॅड्री यांनी १९७८ मध्ये मांडले, तेही या आजारावर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडच्या अवघ्या ५५ रुग्णांवरच्या चाचणीतून. त्या गणिताचे आजचे रूप असे: रक्त गोठायला नेहमीपेक्षा जितके सेकंद जास्त लागतात त्यांना ४.६ ने गुणायचे आणि रक्तातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, मिळवायचे. उत्तर ३२ किंवा अधिक आले तर आजार गंभीर. चाचणी विस्मरणात गेली, सूत्र मात्र आजही वॉर्डात वापरले जाते. सूत्र देखणे आहेच: यकृत काय बनवू शकत नाही आणि काय बाहेर टाकू शकत नाही, दोन्ही त्यात येते. पण रुग्ण दगावतो तो बहुधा जंतुसंसर्गाने, मूत्रपिंडे बंद पडल्याने किंवा रक्ताच्या उलटीने, आणि यांपैकी काहीच त्या बेरजेत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा हा निकाल मानू नये. फ्रान्समधील लील येथील डॉक्टरांनी २००७ मध्ये सातव्या दिवशी बिलिरुबिन किती उतरले हे हिशेबात घेतले. ते फारसे उतरले नसेल, तर स्टिरॉइड चालू ठेवून संसर्गाचा धोका तेवढा वाढतो.

स्टिरॉइडचा लाभही बेताचाच. ब्रिटनमध्ये सुमारे ११०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या महिन्यातले मृत्यू थोडे कमी दिसले, तेही संख्याशास्त्राच्या कसोटीला जेमतेम न उतरणारे. तीन महिन्यांनी आणि वर्षाने फरक उरला नाही. त्यानंतर रुग्ण पुन्हा पितो की नाही, यावर बरेच काही ठरते. यावर आक्षेप ठरलेला: 'तो पिणारच, मग एवढा खटाटोप कशाला?' २०११ मध्ये फ्रान्स-बेल्जियममधल्या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या २६ रुग्णांचे यकृत-प्रत्यारोपण केले. सहा महिन्यांनी ७७ टक्के जगले. प्रत्यारोपण न झालेल्या तशाच रुग्णांत २३ टक्के. पुढे पुन्हा प्यायले तिघे. आधी सहा महिने दारू सोडून दाखवा, ही जुनी अट या रुग्णांना लावणे म्हणजे जवळपास मृत्युदंडच. अर्थात ते रुग्ण फार पारखून निवडलेले होते, आणि आपल्याकडे यकृत बहुतेकदा घरातलीच व्यक्ती देते; प्रत्यारोपण हा सर्वांसाठीचा मार्ग नव्हे. सर्वांसाठी आहे ते व्यसनावरचे उपचार, आणि ते 'नंतर बघू' म्हणून सोडले जातात. ते यकृताच्या उपचारांबरोबरच, दवाखान्यातच सुरू व्हायला हवेत. डिस्चार्जआधी घरच्यांनी या उपचारांची चौकशी आग्रहाने करावी. जेवणात गुपचूप कालवायच्या 'दारू सोडवणाऱ्या' पावडरी मात्र अशा रुग्णाला चुकूनही देऊ नका. त्यांत डायसल्फिरम हे औषध असू शकते, आणि ते यकृतालाच घातक ठरू शकते.