आखूड बंदुकीचा हिशेब

रायफलीची नळी आखूड केली की गोळीचा वेग घटतो; दस्ता आखूड केला की खांद्याला नीट टेकत नाही. 'बुलपप' रचनेने या पेचातून तिसरी वाट काढली. एरवी चापाच्या पुढे असणारी यंत्रणा आणि मॅगझिन तिने चापाच्या मागे, दस्त्यातच बसवले. नळी तेवढीच राहिली आणि बंदूक वीतभर आखूड झाली. ब्रिटनमधल्या थॉर्नीक्रॉफ्ट कार्बाइनमध्ये ही कल्पना १९०१ सालीच दिसते. रुजली ती मात्र १९७०च्या दशकात, ऑस्ट्रियाची स्टायर ऑग आणि फ्रान्सची फामास यांच्यामुळे. आपल्या विशेष दलांच्या हाती दिसणारी इस्रायली टावोर याच कुळातली.

चिलखती गाडीत चढउतार करणाऱ्या सैनिकाची गरज समजू शकते. खासगी मालकाला ही रचना का हवीशी वाटते, हा प्रश्न मला अधिक कुतूहलाचा वाटतो. अमेरिकेपुरते त्याचे बरेचसे उत्तर कायद्यात सापडते. तिथल्या १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. लांब बंदूक कापून कोणी पळवाट काढू नये, म्हणून आखूड रायफलींवरही निर्बंध आले. पुढे पिस्तुले वगळली गेली. आखूड रायफली मात्र कायद्यात राहिल्या. आज नळी १६ इंचांहून किंवा एकूण लांबी २६ इंचांहून कमी असेल, तर वेगळी सरकारी नोंदणी लागते. टावोर एक्स९५च्या नागरी आवृत्तीची नळी साडेसोळा इंच आणि लांबी २६ इंचांहून जेमतेम जास्त. कायद्याची रेघ न ओलांडता तिच्या जितके जवळ जाता येईल, तितकी ती गेली आहे.

फायदे खरे आहेत. अरुंद बोळात वळणे सोपे जाते, गोळीचा वेग घटत नाही आणि वजन खांद्याजवळ असल्याने पुढचा हात लवकर थकत नाही.

पण किंमत शरीराला मोजावी लागते. रिकामी पुंगळी उजवीकडे, गालाजवळून उडते. डावखुऱ्याच्या ती तोंडावरच येते. ब्रिटिश एसए८० डाव्या खांद्यावरून चालवताच येत नाही. ऑगचे सुटे भाग बदलून ती डावखुऱ्यासाठी करता येते, पण मग उजवा गडी अडचणीत येतो. एकाच घरात दोघे असतील तर? केल-टेकच्या आरडीबीने पुंगळी खाली टाकून हा प्रश्न सोडवला. चापापासून मागच्या यंत्रणेपर्यंत लांब दांडा जात असल्याने चापाचा स्पर्श बोथट होतो. मॅगझिन बदलताना हात काखेकडे न्यावा लागतो. काडतूस सदोष निघाले, तर स्फोट गालापाशीच होतो. नळीचे तोंडही कानाजवळ आलेले असते. बंद खोलीत त्या आवाजाने श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते.

फ्रान्सने २०१७पासून फामास बाजूला सारायला सुरुवात केली. न्यूझीलंड आणि चीनही पारंपरिक रचनेकडे वळले. ऑस्ट्रेलियाने मात्र ऑगचीच सुधारित आवृत्ती ठेवली. म्हणजे ही रचना फसली, असे म्हणता येत नाही.

सैनिकाला सराव सक्तीचा असतो, घरमालकाला नसतो. जागेवरच गर्रकन फिरणारी नळी अंधारात घरच्याच माणसावर रोखली जाणेही तितकेच सोपे. म्हणून घरापुरते बोलायचे, तर वाचलेल्या इंचांपेक्षा कुलूपबंद कपाट आणि नियमित सराव यांना मी अधिक मोल देईन.