विश्लेषण : महागड्या ‘ऑडिओ स्विच’मुळे घरातले गाणे खरेच सुधारते का?

फायबर इंटरनेट आता शहरांपुरते राहिलेले नाही. नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावातही घरबसल्या मोबाइल किंवा स्ट्रीमरवरून शास्त्रीय संगीत, अभंग ऐकता येतात. त्याबरोबरच ‘खास संगीतासाठी’ बनवलेले नेटवर्क स्विच आणि केबल यांच्या जाहिरातीही ग्राहकांपर्यंत पोहोचत आहेत. त्यावर पैसे खर्च करावेत का?

ऑडिओ स्विच म्हणजे काय?

राउटरच्या एका जोडणीतून टीव्ही, संगणक, स्ट्रीमर अशा अनेक उपकरणांना इंटरनेट देणारी छोटी पेटी म्हणजे नेटवर्क स्विच. साधा स्विच हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. ‘ऑडिओ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्विचची किंमत काही दहा हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. त्यातील अचूक घड्याळ आणि स्वच्छ वीजपुरवठा यामुळे आवाज अधिक खुलतो, असा विक्रेत्यांचा दावा असतो.

हा दावा पटण्यासारखा का वाटतो?

कारण जुना अनुभव तसाच आहे. मध्यम लहरींच्या रेडिओवर घरातला मिक्सर सुरू झाला की खरखर यायची. कॅसेटची कॅसेट काढली की आवाज बसायचा. तेव्हा तारेतून किंवा हवेतून येणारा विद्युत संकेत म्हणजेच आवाज होता. त्यात मिसळलेला गोंगाट थेट कानापर्यंत यायचा. स्ट्रीमिंगमध्ये मात्र तारेतून आवाज येत नाही, आकडे येतात.

हे आकडे वाटेत बिघडत नाहीत का?

गाण्याची फाइल साधारण १,५०० बाइटपर्यंतच्या छोट्या पाकिटांत येते. प्रत्येक पाकिटाबरोबर तपासणीसाठी ३२ बिटांचा आकडा असतो. तो जुळला नाही तर पाकीट फेकले जाते आणि पुन्हा मागवले जाते. यूपीआयने पाठवलेले ५०० रुपये खराब केबलमुळे ५०१ होत नाहीत. व्यवहार होतो किंवा अडकतो. गाण्याचेही तसेच. नेटवर्क कमजोर असेल तर गाणे थांबते, पण तबल्याचा बायां पातळ होत नाही.

आलेली पाकिटे आधी स्ट्रीमरच्या स्मृतीत, म्हणजे बफरमध्ये साठतात. तिथून आकडे वाजवण्याचा वेग स्ट्रीमरमधील किंवा आकड्यांचे आवाजात रूपांतर करणाऱ्या ‘डॅक’मधील घड्याळ ठरवते, स्विचचे नव्हे. गाणे सुरू असताना नेटवर्क केबल काढून पाहा. बफर संपेपर्यंत गाणे वाजत राहते. ज्या स्विचशी त्या वेळी संबंधच उरलेला नाही, तो त्या आवाजात भर कशी घालणार?

साध्या कनेक्शनचा वेग पुरतो का?

सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला ४४,१०० × १६ × २, म्हणजे सुमारे १४ लाख बिट लागतात. हे झाले १.४ एमबीपीएस. २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झचा उच्च दर्जाचा स्टिरिओ आवाजही न दाबता ९.२ एमबीपीएसमध्ये मावतो. सोनईतील एखाद्या घरात ४० एमबीपीएसचे कनेक्शन असेल, तर ते पुरून उरते.

विजेच्या गोंगाटाचे काय?

फायबरमधून प्रकाश येतो, वीज नाही. नेटवर्कच्या पोर्टमध्येही छोटे ट्रान्सफॉर्मर असतात; ते दोन उपकरणांना विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवतात. तरीही धातूचे आवरण असलेल्या केबलमुळे किंवा सदोष अर्थिंगमुळे स्पीकरमध्ये घुमल्यासारखा आवाज येऊ शकतो. ही अडचण खरी आहे, पण तिचा उपाय अर्थिंग तपासून घेणे आणि आवरण नसलेली साधी केबल वापरणे हा आहे.

चाचण्या काय सांगतात?

‘आर्स टेक्निका’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१५ मध्ये लास व्हेगास येथे तीनशेहून अधिक डॉलरची नेटवर्क केबल आणि साधी केबल श्रोत्यांना न सांगता ऐकवली. श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही.

अशी चाचणी घरीही करता येते. घरातल्या कोणालाही न सांगता स्विच बदलायला सांगावे आणि दहा वेळा ओळखून पाहावे. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. किंमत माहीत असताना ऐकले, तर मात्र मन फरक शोधतेच.

मग पैसे कुठे घालावेत?

नेटवर्कचा आवाजावर परिणाम होतो अशी एक जागा आहे. ॲपमधील दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर सिग्नल कमी होताच ॲप हलक्या दर्जाचे गाणे पाठवते. म्हणून सेटिंगमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवडावा. जाड भिंतींमुळे वायफाय पोहोचत नसेल तर साधी ‘कॅट ५ ई’ केबल ओढावी. ती १०० मीटरपर्यंत चालते. ब्लूटूथवर बहुतेक वेळा गाणे पुन्हा दाबले जाते, त्यामुळे चांगल्या स्पीकरला स्ट्रीमर तारेने जोडावा.

उरलेले पैसे स्पीकरवर आणि खोलीवर खर्च करावेत. मोकळ्या भिंती आणि गुळगुळीत फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट यांनी होणारा बदल चाचणीशिवायही कानाला कळतो.