पेठेतली पन्नास वर्षे

बंगळूरच्या चिकपेटशी मराठी माणसाची पहिली गाठ बहुधा लग्नाच्या बस्त्याच्या निमित्ताने पडते. रेशमी साड्या घाऊक भावात हव्यात तर चिकपेट गाठायचे, हे सोलापूर-कोल्हापूरकडच्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. मॅजेस्टिकहून मेट्रोने पुढचेच स्थानक चिकपेट. २०१७ साली ते सुरू झाल्यापासून गाडी लावायची चिंताही मिटली. स्थानकातून वर आले की दुतर्फा साड्यांची दुकाने, गठ्ठे पाठीवर घेतलेले हमाल आणि 'बन्नी, बन्नी' म्हणत गिऱ्हाईक आत बोलावणारे नोकर.

ही पेठ आपल्याला परकी नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचा गौरी महाल याच भागात होता असे मानतात. शिंपी, भावसार, सराफ अशी मराठी बोलणारी घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची, सोने-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळीही शेजारच्या सराफी गल्ल्यांत भट्ट्या लावून बसली आहेत. पेठेत देवळांना तोटा नाही. करगा उत्सवाची मिरवणूक धर्मराय स्वामींच्या देवळातून निघते आणि वाटेत कॉटनपेटेतल्या मस्तान साहेबांच्या दर्ग्याला भेट देते.

याच गजबजाटात, अव्हेन्यू रोडवर, जुन्या पुस्तकांच्या आणि वह्या-कागदांच्या दुकानांच्या रांगेत एक चर्च आहे: राईस मेमोरियल चर्च. बंगळूरची नावाजलेली चर्च बहुतेक छावणीच्या बाजूला आहेत. साहेब आणि पलटणी तिकडेच असत. हे मात्र देशी पेठेच्या पोटात उभे राहिले. ज्याच्या नावाने ते आहे त्या बेंजामिन राईसने या पेठेसाठी पन्नास वर्षे प्रार्थना केली. त्याने जे मागितले ते बव्हंशी मिळाले नाही. तरीही ती पन्नास वर्षे फुकट गेली असे म्हणवत नाही. का म्हणवत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

रस्त्यावर उभा राहणारा माणूस

लंडन मिशनरी सोसायटीचे बंगळुरातले काम १८२० साली सुरू झाले. आरंभीचा भर छावणीवर होता आणि भाषा तमिळ. सॅम्युएल फ्लेवेल या तमिळ पाळकाने तिथे मंडळी उभी केली. पेठेतल्या कन्नड माणसापर्यंत पोहोचायचे तर कन्नड शिकून पेठेतच जाऊन उभे राहायला हवे होते. बेंजामिन राईसने ते केले. १८१४ सालचा हा लंडनचा माणूस १८३७ मध्ये पत्नी जेनसह बंगळुरात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचा मुलगा लुईस इथेच जन्मला.

राईसचा दिनक्रम कोणत्याही मिशनऱ्याचा असावा तसाच होता: भाषेचा अभ्यास, बाजारात उपदेश, जत्रांना फेऱ्या, शाळांची देखरेख आणि रविवारची उपासना. पेठेतला व्यापारी ऐकून घ्यायचा, वाद घालायचा आणि दुकानात परत जायचा. धर्म बदलणे म्हणजे जात, घर, व्यवहार सगळ्यातून उठणे. ती किंमत मोजायला फार थोडे तयार झाले. कन्नड मंडळी लहानच राहिली. मुले शाळेत घालताना पालकांच्या मनात धाकधूक असे आणि ती अनाठायी नव्हती. मिशनऱ्यांना काय हवे आहे ते उघड होते.

अशा कामात दहा वर्षांनी माणूस कंटाळतो, वीस वर्षांनी परत जातो. राईस १८८७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. एडवर्ड पी. राईस या मुलाने नंतर बापाचे चरित्र लिहिले. त्या चरित्राच्या नावातच पन्नास वर्षांच्या सेवेचा उल्लेख आहे. मधल्या काळात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ येऊन गेला. १८७१ मध्ये म्हैसूर संस्थानची लोकसंख्या पन्नास लाखांवर होती. १८८१ च्या शिरगणतीत ती बेचाळीस लाखांच्या आत आली. रस्त्यावर माणसे मरत असताना 'देव ऐकतो' असे म्हणणे सोपे नसते. ऐकणाऱ्याला नसते आणि म्हणणाऱ्यालाही नसते.

मागितले एक, उगवले दुसरे

राईसच्या पन्नास वर्षांचा हिशेब बाप्तिस्म्यांच्या वहीत मांडला तर तो तोट्याचा दिसेल. पेठेच्या वहीत मांडला तर चित्र बदलते.

१८४० च्या दशकात जेन राईस आणि सहकारी मिशनऱ्याची पत्नी श्रीमती सिवेल यांनी पेठेत कन्नड मुलींसाठी शाळा काढल्या. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात शाळा काढली ती १८४८ सालची. बंगळूरच्या पेठेतही साधारण त्याच दशकात मुलींच्या हातात पाटी आली. राईसने स्वतः कन्नडमधून पाठ्यपुस्तके लिहिली आणि मुलग्यांच्या इंग्रजी-कन्नड शाळेचा पाया घातला.

कन्नड बायबलचे पहिले भाषांतर बळ्ळारीच्या जॉन हँड्सचे. त्या भाषेतला परकेपणा घालवण्यासाठी पुढे जी सुधारणा झाली, तिच्यात राईसने वर्षानुवर्षे घातली. मोल्सवर्थ-कँडींनी मराठी शब्दांचा डोंगर कसा उपसला हे आपल्याला ठाऊक आहे. कन्नडमध्ये तेच काम रीव्ह आणि नंतर कित्तेल यांनी कोशांच्या रूपाने केले. राईस त्या घराण्यातला.

आणि मग लुईस. मिशनऱ्याचा हा मुलगा मिशनरी झाला नाही. तो शिक्षणखात्यात गेला, म्हैसूरचे गॅझेटियर त्याने लिहिले आणि गावोगाव हिंडून सुमारे नऊ हजार शिलालेख नोंदवले. 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे बारा खंड ही त्याची कमाई. म्हैसूर संस्थानातले अशोकाचे शिलालेखही त्यानेच उजेडात आणले. कर्नाटकाचा प्राचीन इतिहास लिहिणाऱ्याला आजही बी. एल. राईसला टाळता येत नाही. चरित्रकार एडवर्डने कन्नड वाङ्मयाचा इतिहास लिहिला, तो वेगळाच.

बापाने देवापाशी शिलालेख मागितले असतील असे वाटत नाही. त्याला माणसे हवी होती. पण रोज पेठेत जायचे, तिची भाषा बोलायची, तिथल्या लोकांचे नाव घेऊन प्रार्थना करायची, या सवयीने एका परक्या कुटुंबाला या मातीची गोडी लागली. ज्याच्यासाठी रोज प्रार्थना करतो त्याच्याविषयी माणूस बेफिकीर राहू शकत नाही. चिकाटीच्या प्रार्थनेचा हा पहिला परिणाम, आणि तो मागणाऱ्यावरच होतो.

केडगावच्या मुली

कर्नाटकाच्या मातीतूनच आलेले दुसरे उदाहरण मराठी वाचकाच्या अधिक जवळचे आहे. पंडिता रमाबाई १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळ कारकळजवळच्या माळहेरंजीचे. पुढे सगळे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर पायी फिरले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेले. होते नव्हते ते दानधर्मात घालवून, उपासतापास करून झाले होते. देवाकडे मागून काही मिळत नाही, हा धडा त्या वयात त्यांना मिळाला.

म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे घेतलेल्या बाप्तिस्म्यानंतरही त्यांची ओढाताण संपली नाही. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र आठ वर्षांनी भेटला, अशा आशयाची कबुली त्यांनी आपल्या आत्मकथनात दिली आहे. मधल्या काळात विधवांसाठी त्यांचे शारदासदन निघाले, पुण्याला आले आणि तिथे मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून १८९३ मध्ये उठलेल्या वादळात कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या.

त्यांचे केडगावचे मुक्तिसदन दुष्काळातून उभे राहिले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून, १९०० मध्ये गुजरातेतून उपाशी मुली आणि विधवा तिथे आल्या. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी विचारले, रोज एकत्र जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशे झाली. महिन्याच्या अखेरीस एका रात्री वसतिगृहातल्या मुली मोठमोठ्याने रडत, पापांची कबुली देत प्रार्थना करू लागल्या आणि पुढे कित्येक आठवडे ते लोण थांबले नाही. शंका घेणारे तेव्हाही होते. जागतिक ख्रिस्ती चळवळींच्या इतिहासात मात्र केडगावची नोंद झाली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती चिलीतल्या एका मिशनरी मैत्रिणीला गेली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. दौंड तालुक्यातल्या मुलींच्या प्रार्थनेचा पडसाद दक्षिण अमेरिकेत उमटला.

मला स्वतःला त्या रात्रीपेक्षा नंतरची सोळा-सतरा वर्षे जास्त मोलाची वाटतात. ऐकू कमी येणाऱ्या रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खे बायबल एकटीने उतरवले. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या, पाने दुमडणाऱ्या सगळ्या तिथल्याच स्त्रिया, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही तिथेच झालेली. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तिच्या हाती संस्था सोपवण्याचा बेत मोडला. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. काम पुरे होण्याइतके दिवस दे, एवढेच त्यांनी मागितले असे चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम पुरे झाले होते.

न्यायाधीश आणि विधवा

न थकता प्रार्थना करा, हे सांगताना येशूने दिलेला दाखला लूकच्या शुभवर्तमानात आहे. एक विधवा देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे न्यायासाठी पुन्हा पुन्हा जाते. त्याला तिची कीव येत नाही, कटकट मात्र होते, आणि अखेर तो निकाल देतो. असला माणूस ऐकतो तर देव का ऐकणार नाही, असा त्या दाखल्याचा रोख. कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही ती बाई लगेच ओळखू येते.

हा दाखला एकटा वाचला तर देवाच्या दारी धरणे धरण्याचे शास्त्र तयार होते: अमुक दिवस उपास, तमुक रात्री जागर, की काम फत्ते. बायबल तसे म्हणू देत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो निघाला नाही. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. ख्रिस्ती आशेचा पाया पुरवलेल्या मागण्यांच्या यादीवर नाही, पुनरुत्थानावर आहे. शुक्रवारची हार हा शेवटचा शब्द नव्हता, एवढेच ती सांगते.

मलाखी संदेष्ट्याने देवाला चांदी शुद्ध करीत बसलेल्या कारागिराची उपमा दिली आहे. चिकपेटजवळच्या सराफी गल्लीत गलाईच्या भट्टीपाशी थोडा वेळ उभे राहिले की ती उलगडते. मूस तापते, धातूचा रस होतो, सवागी टाकली की मळ वर येतो. कारागीर जागचा हलत नाही. आच कमी पडली तर मळ निघत नाही, जास्त झाली तर घट येते. बसून राहणे हाच त्याच्या कसबाचा अर्धा भाग.

आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांना हे वाट पाहणे तुकोबांकडून कळले होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे आधी ताटातूट, मग एका छपराखाली दोन चुली. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसते की टिळकांनी वाद घालून बायकोला जिंकले नाही. ती आपल्या पावलांनी आली.

आजचे दार

बंगळुरात आजही आशेने मागणाऱ्यांची कमी नाही. विवेकनगरच्या बाळ येशूच्या देवळात गुरुवारी रांगा लागतात. शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकात सप्टेंबरच्या जत्रेला साडी नेसवलेल्या मारियामातेपुढे सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या लावतात. आपल्या माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाची आठवण यावी असाच तो प्रकार. परीक्षा, व्हिसा, मूल, कर्ज, कॅन्सर: मागण्या सगळीकडे सारख्याच.

राईस मेमोरियलमध्ये एवढी गर्दी नसते. जुन्या कॅनरीज चॅपेलच्या जागी आजची वास्तू विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभी राहिली. लंडन मिशनची मंडळी १९०८ मध्ये दक्षिण भारत संयुक्त चर्चमध्ये आणि स्वातंत्र्यानंतर दीड महिन्यातच, सप्टेंबर १९४७ मध्ये, चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये सामील झाली. मिशनरी गेले, उपासना कन्नडमध्ये चालू राहिली. १८३७ मध्ये आलेल्या माणसाला हवी होती तेवढी मोठी मंडळी पेठेत कधी झाली नाही. पण ती उठूनही गेली नाही.

प्रार्थनेला उत्तर मिळाले की नाही, हा प्रश्न आपण फार घाईने विचारतो. वाट पाहण्याच्या काळात माणसाने काय केले, हे आधी पाहावे. हात जोडून बसलेला राईस पाठ्यपुस्तके लिहीत होता, रमाबाई खिळे जुळवून घेत होत्या. ज्या प्रार्थनेतून असे काही निघत नाही ती कितीही लांबली तरी हट्टच. ज्या प्रार्थनेने माणूस सकाळी उठून पुन्हा कामाला लागतो, तिचे निम्मे उत्तर मिळालेलेच असते. पुढच्या वेळी बस्ता बांधायला चिकपेटला जाल तेव्हा साड्यांतून अर्धा तास काढा आणि अव्हेन्यू रोडवरचे हे चर्च पाहून या.