रानवाटेचें गणित

नगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, जिल्हा म्हटला कीं ज्वारीचीं शेतें आणि उघडे माळ डोळ्यांपुढें येतात. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोंकाला, अकोले तालुक्यांत, सह्याद्रीचें दाट रान आहे. १९८६ सालीं तेथें कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालें. त्यांतील रतनवाडीची लहानशी फेरी मुलाबाळांसह कशी आंखावी, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

रतनवाडींत अमृतेश्वराचें जुनें शिवालय आहे. तेथून रतनगडाकडे जाणारी पायवाट प्रवरेच्या पात्राजवळून रानांत शिरते. प्रवरा ह्याच गडाच्या परिसरांत उगम पावून १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणांत येते. आपल्याला गड सर करावयाचा नाहीं, रान पाहावयाचें आहे. म्हणून कोठून परतावयाचें तें घरींच ठरवावें.

पहिला प्रश्न वेळेचा. नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक आडाखा दिला. आजच्या मापांत तो असा: दर ५ किलोमीटरांस एक तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. समजा, २ किलोमीटर वाट आणि ३०० मीटर चढ आहे. २४ अधिक ३०, म्हणजे ५४ मिनिटें झालीं. हा हिशेब धडधाकट माणसाचा. बरोबर मुलें किंवा आजी-आजोबा असल्यास दीडपट, म्हणजे ८१ मिनिटें धरावीं. उतरतांना वेळ वांचेल असें समजूं नये, कारण थकलेलें पाऊल उतारावरच घसरतें. अर्धा तास विसाव्याचा मिळविला, तर सुमारें सवातीन तास होतात. डिसेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडींत त्याआधींच अंधारतें. तेव्हां सकाळींच निघावें. परतण्याची ठरलेली वेळ झाली, कीं जेथें असूं तेथून मागें फिरावें.

दुसरा प्रश्न ऋतूचा. जुलै-ऑगस्टांत ही वाट मुलांसह टाळावी. येथील कातळांत पाणी फारसें मुरत नाहीं. माथ्यावर सर कोसळली, कीं खालीं ऊन असतांनाहि ओढा घटकाभरांत फुगतो. पाणी गढूळ होऊन चढूं लागलें, तर तें ओलांडण्याचें साहस करूं नये. थांबावें, पाऊस ओसरला कीं असा ओढा बहुधा लवकर उतरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

आतां रानांतील वर्तन. उंच फांद्यांवर काटक्यापानांचा गोल घरटा दिसला, तर तो शेकरूचा समजावा. हा आपल्या राज्याचा मानचिन्हित प्राणी. कड्यांना आग्या मोहोळें असतात, म्हणून धूर, अत्तर आणि आरडाओरडा वर्ज्य. हिरड्याचीं फळें वेंचून विकणें हा येथील आदिवासी कुटुंबांचा आधार आहे. तीं पिशवींत भरून आणूं नयेत.

शेवटीं, मोबाईलवर भिस्त ठेवूं नये. डोंगरआड तो मुका होतो. गांवांतील एखाद्या जाणत्या मामांना वाटेला बरोबर घ्यावें, त्यांची मजुरी आधीं ठरवावी आणि त्यांनीं 'परता' म्हटलें कीं वाद न घालतां परतावें. रान उद्यांहि तेथेंच असणार आहे; आपलीं मुलें दिवेलागणीला घरीं पोंचलीं पाहिजेत.